खालून वर आलेलं दुखणं

माझे वडील खलाशांच्या टोळीचे टिंडेल होते. खलाशी म्हणजे समुद्रावरचे नव्हेत. भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा लोखंडाचे खांब, तुळया, मोठाल्या पाइपांचे तुकडे उंचावर चढवणाऱ्या लोकांनाही खलाशीच म्हणत, आणि त्यांच्या म्होरक्याला टिंडेल. रशियन साहेबांसोबत आलेल्या क्रेन होत्या, पण क्रेनचा हात सगळीकडे पोचत नसे. तिथे विंच, चेन-पुली, तारेचे जाड दोर आणि माणसांचे खांदे. सगळ्यांनी एकाच क्षणी जोर लावला तरच वजन हलतं. एकजण जरी मागेपुढे झाला तर दोर कुणाचा तरी हात घेऊन जातो. तो क्षण सांगायचं काम टिंडेलचं, आणि ते सांगायचं गळ्याने.

बाबांचा गळा असा होता की कोक ओव्हनकडे काम चालू असलं तरी पार फाटकापर्यंत लोक म्हणत, भंडारेवाला लागला वाटतं कामाला. आमचं गाव भंडाऱ्याकडचं. बाबा आधी मातीकामाला आले आणि मग लोखंडावर चढले. जोर लावायच्या ओळी ते जागेवर जुळवत. अर्धी हिंदी, अर्धी आपली, मधेच छत्तीसगढी. ठेकेदाराचं पोट, रशियन मडमेची टोपी, कालच्या डाळीतलं पाणी, काहीही त्यात येई. ओळ संपली की टोळी ‘हैशा’ म्हणे आणि खांब वीतभर वर सरके. दुपारी सगळे शर्ट काढून काम करत. बाबांची छाती रुंद होती, उन्हाने तांब्यासारखी झालेली. गावात ते कुस्ती खेळलेले होते आणि ते सांगायची त्यांना हौस होती.

मी आठवीपर्यंत शिकून त्यांच्याच टोळीत लागलो होतो. तेव्हा आम्ही खुर्सीपारच्या मजूरवस्तीत राहत होतो. टिनाचं छप्पर, विटांच्या भिंती, समोर घरांच्या सगळ्या ओळीला मिळून एक नळ. बाया सकाळी भांडी घासून गेल्या की पुरुष तिथेच उघड्यावर अंघोळ करत. बाजूला एक छत्तीसगढी कुटुंब, पलीकडे तेलुगू, त्याच्या पलीकडे आमच्याच समाजाची दोन घरं. बुद्धवंदनेला सगळे आमच्या दारात जमत, कारण तिथेही बाबांचाच आवाज पुढे लागे.

एका थंडीत बाबांचा आवाज बसला. सगळ्यांनाच ते साहजिक वाटलं. इतकं ओरडणाऱ्याचा बसणार नाही तर कुणाचा? मायने हळद घालून दूध दिलं. तेलुगू शेजाऱ्याने मिरी चावायला सांगितली. आवाज उघडला नाही. फाटलेल्या कापडासारखा नुसता फरफर येऊ लागला. टोळीत ओळ मी म्हणू लागलो आणि बाबा हाताने इशारा करू लागले.

मग बाबांच्या डोक्याला तेल लावताना मायच्या बोटांना गाठ लागली. डाव्या हसळीच्या हाडाच्या वर, मानेच्या खोबणीत. सुपारीएवढी, टणक, न दुखणारी.

“हे कावून आलं वो?” मायने विचारलं.

“दोर घासला असन,” बाबा म्हणाले. खांद्यावर दोर घेणाऱ्या माणसाला ते पटण्यासारखं होतं.

महिन्याभरात ती आवळ्याएवढी झाली आणि शेजारी आणखी दोन बारक्या आल्या. ओळीत कुजबुज सुरू झाली. मानेला गाठी म्हणजे गंडमाळ, आणि गंडमाळ म्हणजे टीबी. शेजारची म्हातारी आपल्या नातवंडांना आमच्या दाराकडून हाक मारून घेऊ लागली. बाबांना ते दिसलं. त्याच दिवशी त्यांनी आपला पितळी गिलास वेगळा काढून खिडकीत ठेवला. आम्हाला कुणाला हात लावू देईनात. वंदनेला ते मागे, भिंतीला टेकून बसू लागले.

शेवटी मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर दक्षिणेकडचे, तरुण, हिंदी अडखळत बोलणारे. त्यांनी गाठ चाचपली, घशात आरसा घालून पाहिलं, छातीचा फोटो काढायला लावला. मग एकाएकी विचारलं, “पेशाब में तकलीफ है?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “गळा दाखवायले आलो ना आपण? हा मुताचं कावून विचारून राहिला?”

मी म्हटलं, “विचारते तर सांगा ना बाबा.”

 मग खाली बघत, त्या फरफरत्या आवाजात त्यांनी जे सांगितलं ते मला घरात राहून कधी कळलं नव्हतं. वर्षभरापासून त्यांना धड लघवी होत नव्हती. उभं राहावं लागे, थेंब थेंब येई, कपडा ओला होई. म्हणून ते काळपट चड्ड्या घालू लागले होते आणि कामावर सगळ्यांपासून लांब जात. कंबरही दुखत होती. मायलासुद्धा त्यांनी सांगितलं नव्हतं. मुलापुढे हे बोलायची पाळी आली म्हणून त्यांचे कान लाल झाले होते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो.

डॉक्टरांनी त्यांना पडद्यामागे नेलं आणि कुशीवर व्हायला सांगितलं. मी बाहेर होतो. बाबांचा एक आवाज ऐकू आला. गळ्यातून धड न निघालेला, दुखण्यापेक्षा दचकण्याचा. नाडी बांधत बांधतच ते बाहेर आले. मागच्या बाजूने बोट घालून तपासायची ती रीतच होती, पण आम्हाला कुठे ठाऊक? परत येताना सायकलच्या कॅरियरवर बसून ते फक्त एवढंच म्हणाले, “तुह्या मायले सांगू नको.”

मानेच्या गाठीचा लहानसा तुकडा काढून नागपूरला तपासायला पाठवला. ज्या दिवशी त्याचं कळलं त्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला दार लावून बसवलं.

“ये गले की बीमारी नहीं है,” ते म्हणाले. “टीबी भी नहीं है. ये नीचे से ऊपर आई है.”

त्यांनी आपल्या ओटीपोटाखाली हात ठेवला आणि मग तो वर छातीपर्यंत, तिथून मानेपर्यंत नेला. लघवीच्या पिशवीखाली पुरुषांना एक ग्रंथी असते, कॅन्सर तिथे सुरू झाला. तिथून तो हाडात गेला आणि गाठी-गाठींतून चढत मानेपर्यंत आला. आवाजाची नसही त्याच गाठींनी दाबली. गळ्यावर कितीही औषध केलं असतं तरी उपयोग नव्हता.

टीबी नाही हे ऐकून बाबांचा चेहरा आधी सुटल्यासारखा झाला. मग तो शब्द आणि ती जागा दोन्ही त्यांच्या ध्यानात आलं. आमच्या ओळीत अशा जागेच्या आजाराला एकच अर्थ होता. त्यांनी मान खाली घालून विचारलं, “साब, मैं कहीं बाहर नहीं गया. बाई के पास नहीं गया. फिर कैसे?”

डॉक्टर गडबडले. असं काही नसतं, कुणालाही होतं, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. बाबांनी माझ्याकडे पाहून परत तेच म्हटलं, या वेळी मराठीत. “मी कुठंच गेलो नाई, बापा.” बापाने आपल्या पोराला अशी सफाई द्यावी, आणि पोराने “हो बाबा” म्हणावं. त्या खोलीत मला जी लाज वाटली तशी त्याआधी कधी वाटली नव्हती.

उपाय दोन होते. एक, ऑपरेशन करून दोन्ही अंडं काढून टाकायची. ग्रंथीचा आजार पुरुषाच्या रसावर वाढतो, तो रस तिथे बनतो. दुसरा, गोळ्या. बाईच्या अंगातलं द्रव्य त्या गोळ्यांत असतं, त्याने तो रस आवरतो. ऑपरेशनचं ऐकताच बाबा खुर्चीतून उठले. गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो. छातीत थोडी सूज येईल, दुखेल, असं डॉक्टर म्हणाले होते. बाबा दुखण्याला सरावलेला माणूस, त्यांनी मान हलवली होती.

गोळ्या बारीक, पांढऱ्या. मायला आम्ही सांगितलं, गाठीचं औषध आहे. आणि खरंच गाठी विरल्या. पहिल्या काही आठवड्यांतच आवळ्याची सुपारी झाली, सुपारीचा वाटाणा. कंबर सुटली. लघवी मोकळी झाली. हळूहळू आवाजाला धार आली, पूर्वीची नव्हे, पण ओळ म्हणण्यापुरती. शेजारच्या म्हातारीने नातवाला आमच्याकडे ताकाची वाटी देऊन पाठवलं. बाबांनी खिडकीतला गिलास उचलून परत मांडणीवर ठेवला. ते दिवस आमच्या घरात चांगले होते.

आणि मग बाबा नळावर अंघोळ करेनासे झाले.

घरातच, कोपऱ्यात मायचं लुगडं आडवं बांधून ते बादलीने अंघोळ करू लागले. उकाड्यात झोपतानाही शर्ट. नातेवाईकाचं लहान पोर एकदा त्यांच्या अंगावर उडी मारून बसलं तर ते कळवळून ओरडले. मायने मला एकदा चुलीपाशी बोलावलं आणि हलक्या आवाजात विचारलं, “तुह्या बाबाच्या गोळीत काय हाय रे?”

मग मला सगळं सांगावं लागलं. मुलाने आईला. कुठला आजार, कुठून आला, गोळ्या कशाच्या. कोणते शब्द वापरावेत तेच मला कळत नव्हतं. मी हिंदीतला शब्द वापरला, तो तिला कळला नाही. मग तिनेच अर्धं ओळखून मला थांबवलं. “बस. समजलं मले.”

बाबांची छाती वाढली होती. मुलीची वयात येताना वाढते तशी. शर्टावरून दिसत नसे, पण त्यांना वाटे सगळ्यांना दिसतं. मायने जुन्या धोतराची एक घट्ट बंडी शिवली, बाजूला नाड्या असलेली. सकाळी कामावर जायच्या आधी ती मागून नाड्या आवळून देई आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहत. त्या वेळी मी काही ना काही कारण काढून बाहेर जाई. वर जाड शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. टोळीतले विचारत, टिंडेल, थंडी वाजते का मे महिन्यात? ते म्हणत, डॉक्टरने गळ्याला हवा लागू द्यायची नाही सांगितलं.

मेमध्येच ते झालं. नव्या भट्टीचं काम होतं. लोखंडाला हात लावला की कातडी चिकटावी असं ऊन. बाबा खाली उभे राहून ओळ देत होते. एका ओळीच्या मध्येच आवाज थांबला. मला वाटलं पुन्हा गळा गेला. मागे वळून पाहिलं तर ते मातीत पडलेले.

टोळी दोर बांधून धावत येईपर्यंत दोघातिघांनी त्यांना सावलीत नेलं होतं. लू लागलेल्या माणसाचे कपडे आधी काढायचे हे सगळ्यांना माहीत. कुणीतरी शर्टाची बटणं ओढून तोडली. बंडी आवळलेली, घामाने चिंब. टोळीतल्या सगळ्यात जुन्या तेलुगू खलाशाने कमरेची सुरी काढली आणि बंडी वरून खाली कापली.

 पाण्याची बादली हातात घेतलेला माणूस तसाच उभा. मीही पाहिलं. माझ्या बापाची ती बदललेली छाती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, सगळ्यांच्या सोबत. मला लाज वाटली. त्यांच्यासाठी वाटली असं मला म्हणावंसं वाटतं, पण ती त्यांचीही वाटली. म्हाताऱ्या तेलुगूने डोक्याचं मुंडासं सोडून त्यांच्यावर पसरलं आणि त्या कपड्यावरूनच पाणी ओतायला लावलं. तेवढ्यात वरच्या मचाणावरून वेल्डिंगवाल्यांपैकी कुणाचं तरी हसणं आलं, आणि एक शब्द आला, “बाई रे, बाई!”

बाबांचे डोळे त्याच वेळी उघडले होते. त्यांनी ऐकलं.

आमच्या टोळीत त्याबद्दल कुणी कधी बोललं नाही, हे मला सांगितलं पाहिजे. पण कारखाना टोळीएवढा नव्हता. संध्याकाळी चहाच्या टपरीवर मी गेलो आणि बोलणं थांबलं. दुसऱ्या आठवड्यात एक अनोळखी माणूस मला म्हणाला, तू त्या ह्याचा पोरगा का? बाबांनी साहेबाला सांगून स्टोअरच्या आवारात राखणीचं काम घेतलं. तिथे बोलावं लागत नसे.

पावसाळा सरला आणि त्यांचा आवाज पुन्हा फाटला. गाठ वर आली. मायला काय झालं ते लगेच कळलं. घरामागच्या पपईच्या बुडाशी तिला मातीत पांढरा चुरा दिसला होता. बाबा रोज गोळी हातात घेत, मागे जात आणि बोटांनी चुरून टाकत.

तिने मला बाहेर पाठवलं नाही. माझ्यासमोरच त्यांना विचारलं, “गोया फेकून राहिले ना तुमी?”

“हाव.”

“मरायचं हाय?”

“मरतो. पण बाप्या म्हणून मरतो.” आवाज निघत नव्हता, म्हणून ते ओठांनीच बोलले. “बाई होऊन जगून काय करू मी?”

माय उठली नाही, रडली नाही. भाकर थापता थापता म्हणाली, “मी बाईच हाय ना? जगूनच राहिली ना इतके वर्ष?”

 मी भांड्यातलं पाणी पीत होतो, तो घोट तसाच तोंडात राहिला.

“मले तुमच्या बाप्यापनाचं काय करायचं हाय?” ती पुढे म्हणाली. “मले घरात हाक मारणारा मानूस पायजे. त्या मचानावरच्याले नाई पायजे, तर नसो.”

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ती आमच्यासोबत आली. डोक्यावर पदर, पण खुर्चीत बसून, डॉक्टरकडे पाहून तिने विचारलं. तिची बोली डॉक्टरला कळेना, त्यांची हिंदी तिला, तर मी मध्ये. “कापल्यानं आराम पडते का, विचार.” मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “पड़ेगा. हमेशा के लिए नहीं. लेकिन गोली नहीं लेनी पड़ेगी, और आवाज़ भी शायद कुछ लौटे.” तिने विचारायला लावलं, छाती बसते का? ते म्हणाले, आता जेवढी आहे तेवढी राहील. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. मायने त्यांना विचारलं, “मग?” त्यांनी न वळता हात हलवला. “कर मनाव.”

ओळीत आम्ही हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं. भेटायला येणारे हर्नियाच्या गोष्टी सांगत आणि बाबा मान डोलावत. मी त्यांचं अंथरूण बदलत असे, पण पांघरूण उचलताना डोळे मिटून घेई. ते त्यांनाही ठाऊक होतं. एकदा म्हणाले, “उघडे ठेव डोळे, सांडून ठेवशील भांडं.” आम्ही दोघं हसलो. त्या सगळ्या काळात आम्ही एवढंच त्याबद्दल हसलो.

गाठी पुन्हा उतरल्या. आवाज जाडाभरडा का होईना आला. वंदनेला ते पुन्हा पुढे बसू लागले, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून. माझं लग्न त्यांनी पाहिलं. मग आजार कंबरेच्या हाडांत बसला आणि त्याच्यावर कशाचाच उपाय चालला नाही. शेवटचे महिने ते बाजेवर होते.

ते गेले तेव्हा दारात टोळीतले, नात्यातले, समाजातले सगळे जमले. आमच्यात प्रेताला अंगणात बसवून पुरुष अंघोळ घालतात. कुणीतरी पाट मांडला, पाणी तापवलं. मी काय करावं ते न सुचून उभा होतो. माय बाहेर आली आणि म्हणाली, अंघोळ आत होईन. नात्यातल्या एका वडीलधाऱ्याने अडवलं, अशी रीत नाही म्हणाला.  म्हाताऱ्या तेलुगू खलाशाने पाण्याचं भांडं उचललं, उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि दार ओढून घेतलं.

आत माय आणि मी. तिने शर्टाची बटणं एक एक काढली. मी तांब्या भरला आणि सवयीने मान वळवली.

“इकडे पाय,” माय म्हणाली. “बाप हाय तुहा.”

मी पाहिलं. आजाराने सगळं अंग वाळून गेलं होतं, बरगड्या मोजाव्यात अशा, आणि त्यावर ते दोन लहान, सैल उभार. मायने तिथे साबण लावला, बाकी अंगाला लावला तसाच, हात न अडखळता. मी मात्र तांब्या दुरूनच कलता केला. पाणी त्यांच्या खांद्यावर पडायच्या ऐवजी जमिनीवर सांडलं, तेव्हा तिने माझं मनगट धरलं आणि आम्ही दोघांनी मिळून ओतलं.